रिकाम्या जागेला वळसा

विश्वास ठेवा असं मी म्हणणार नाही. पण यातलं काहीही मी पदरचं घातलेलं नाही.

ही रात्रीची गोष्ट नाही. यात स्मशान नाही, वाट चुकलेली गाडी नाही. हे घडलं बुधवारी, भर दुपारी. जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. ट्यूबलाइटचा लख्ख उजेड होता, पायाखाली धुतलेली फरशी होती आणि सोबत तीन माणसं होती.

सांगताना माझा आवाज कापत नाही. कापायला हवा, हे मला कळतं. ते का, तेही पुढे येईलच.

आधी माझं काम सांगते. नाहीतर तुम्हाला काही कळायचं नाही.

मी चालायला शिकवते. लहान मुलांना नाही, मोठ्या माणसांना. ज्यांची नजर गेली आणि ज्यांच्या डोळ्यात आता यंत्र बसवलंय, अशांना. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर एक बारीकशी चकती असते. चष्म्यावर कॅमेरा. कमरेला पाकिटाएवढी डबी. कॅमेरा बघतो, डबी त्यातलं कामाचं निवडते, चकती डोळ्याला सांगते. आणि माणसाला ठिपके दिसतात.

नुसते प्रकाशाचे ठिपके. चेहरा नाही, रंग नाही.

लोकांना वाटतं, पट्टी सोडली की पेशंट आनंदाने रडत असेल. तसं काही नसतं. पट्टी सोडल्यावर पेशंट विचारतो, "हे काय आहे?" तिथून माझं काम सुरू होतं.

आमच्या डबीत एक खास सोय होती. ती जमीन दाखवायचीच नाही. जमीन काळी. जमिनीवर जे उभं असेल तेवढंच उजळायचं. खुर्ची, बादली, खांब, माणूस. जवळ आलं की जास्त उजळ. म्हणजे काळं दिसलं की चालायचं, उजळ दिसलं की वळायचं. पेशंटला दिसणारे ठिपके माझ्या हातातल्या टॅबवरही दिसायचे. मी त्याच्या मागून चालायची. एका हातात टॅब, दुसरा हात मोकळा. पडायला लागला तर धरायला.

हे सगळं आमच्या केंद्राच्या तळमजल्यावर चालायचं. लांबलचक हॉल, एका बाजूला खिडक्या, दुसऱ्या बाजूला वर जाणारा जिना. हॉलमध्ये आम्ही खोकी मांडायचो, खुर्च्या ठेवायचो, छतावरून फोमचे तुकडे टांगायचो. मांडणी रोज बदलायची. नाहीतर पेशंट पाठ करून टाकतात.

त्या हॉलमध्ये मी अनेक वर्षं काम केलं होतं. कधी काही जाणवलं नव्हतं.

मग कप्तान आले.

ते नदीवर फेरीबोट चालवायचे. सगळे त्यांना कप्तानच म्हणायचे, त्यांची बायकोसुद्धा. नजर हळूहळू गेली. आधी रात्रीचं दिसेना, मग कडेचं दिसेना, मग काहीच नाही. तेव्हापासून काकूंनी त्यांचा हात धरला तो धरलाच. दुकानात काकू, बँकेत काकू, न्हाव्याकडे काकू. आणि आता काकूंचे गुडघे गेले होते. मागच्या वर्षी दोघं एकमेकांना धरून जिन्यावरून घसरले होते.

"लग्नात हिने हात धरला, तेव्हा मी खूश होतो," कप्तान पहिल्या दिवशी म्हणाले. "आता सोडवायचाय. तिच्यासाठी."

काकू भिंतीजवळच्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "सुटला तर बरंच. मलाही कधीतरी एकटीने दुकानांच्या काचेतल्या साड्या बघायच्यात."

पहिला धडा रिकाम्या हॉलचा असतो. एकही वस्तू ठेवत नाही. फरशीवर एक पांढरी पट्टी चिकटवलेली आहे, तिच्यावरून नाकासमोर चालायचं. काळ्यावर विश्वास बसावा म्हणून.

कप्तान निघाले. पाऊल ठाम होतं. मला बरं वाटलं.

अर्ध्या हॉलपर्यंत आले...

आणि थांबले.

मग उजवीकडे सरकले. दोन पावलं पुढे गेले. परत डावीकडे सरकून पट्टीवर आले आणि शेवटपर्यंत सरळ गेले.

मी विचारलं, मध्ये का वळलात. ते म्हणाले, खांब होता ना.

हॉलमध्ये खांब नाही. मी तसं सांगितलं. ते हसले. म्हणाले, मग तुमच्या यंत्राला विचारा.

मी त्यांच्या पावलांकडे बघत होते, टॅबकडे लक्ष नव्हतं. पण टॅबमध्ये चालण्याचं चित्रण राहतं. मी मागे नेऊन बघितलं.

काळी फरशी. काळी... काळी... आणि मध्येच ठिपक्यांची एक उभी रांग. फरशीपासून माझ्या खांद्यापर्यंतच्या उंचीची. कप्तान जवळ जातील तशी जास्त उजळ होत जाणारी.

मी मान वर करून बघितलं.

फरशी. उन्हाचा पट्टा. बस.

आमचा इंजिनीअर वरच्या मजल्यावर बसायचा. शहाणा माणूस, पण तिरसट. यंत्राला कुणी नावं ठेवली की त्याला स्वतःलाच बोलल्यासारखं वाटायचं. तो आला, फरशीची चमक असेल म्हणाला. पडदे ओढले. तरी रांग दिसली. दिवे बंद केले. तरी दिसली. डबी बदलली, चष्मा बदलला. तरी तिथेच.

मग त्याने कॅमेरा स्वतःच्या डोक्याला बांधला आणि पट्टीवरून चालत गेला.

टॅब काळाच राहिला.

तोच कॅमेरा पुन्हा कप्तानांना लावला.

रांग उभी होती.

"कुठेतरी पाणी मुरतंय," इंजिनीअर म्हणाला आणि वर निघून गेला. त्या रात्री उशिरापर्यंत त्याच्या खोलीत दिवा होता म्हणे. त्याला काही सापडलं नाही.

आठवडाभर हेच चाललं. कप्तान खोकी ओळखायला शिकले, खुर्चीचे पाय ओळखायला शिकले. टांगलेला फोम आला की मान खाली घालायला शिकले. आणि रोज, न चुकता, अर्ध्या हॉलमध्ये आल्यावर रिकाम्या जागेला वळसा घालायचे.

एक दिवस चालून झाल्यावर ते माझ्या शेजारी बसले. काकू हात धुवायला गेल्या होत्या. ते हळूच म्हणाले,

"ताई, तो खांब नाही."

मी टॅब खाली ठेवला.

"खांब पाय बदलत नाही."

मी विचारलं, म्हणजे काय.

"बराच वेळ उभं राहिलं की माणूस कसा एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतो... तसं करतंय ते. मधूनमधून. कंटाळल्यासारखं."

मी टॅबवरचं चित्रण पुन्हा काढलं. या वेळी अगदी हळू करून बघितलं. ठिपक्यांची रांग एका बाजूला किंचित झुकली. मग दुसऱ्या बाजूला.

पोटात गोळा आला. तेव्हा अजून येत होता.

तरी मी मनाला समजावलं. एका पेशंटची गोष्ट. मेंदूला वर्षानुवर्षं काही दिसलेलं नसलं की तो स्वतःच काहीबाही दाखवतो. पुस्तकात आहे तसं.

मग पुढच्या सोमवारी एक नवीन बाई आल्या. पूर्वी टेलिफोन ऑपरेटर होत्या. कप्तानांना कधी भेटलेल्या नाहीत. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, आणि मी इंजिनीअरला तंबीच देऊन ठेवली होती.

त्या पट्टीवरून निघाल्या. अर्ध्या हॉलमध्ये आल्या.

"जरा सरकता का?" त्या म्हणाल्या.

क्षणभर थांबल्या. आणि बाजूने गेल्या.

मी शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, कुणाला म्हणालात. त्या जरा रागावल्याच. म्हणाल्या, "तुमच्याकडची कुणीतरी उभी आहे ना तिथे, हात बांधून. शिकायला येणाऱ्याच्या वाटेत असं उभं राहतात का?"

ठिपक्यांतून बाई की पुरुष ते कळत नाही. हात बांधलेत की सोडलेत तेही मोठ्या मुश्किलीने कळतं. मी त्यांना हे विचारलं. त्या विचारात पडल्या. मग म्हणाल्या, खरंच की, मला कसं कळलं कोण जाणे. पण बाईच आहे.

त्याच दिवशी दुपारची गोष्ट. सफाईच्या मावशी हॉल पुसत होत्या. मी आणि इंजिनीअर जिन्याच्या वळणावर उभे राहून, काय करावं ते बोलत होतो. तिथून खालचा सगळा हॉल दिसतो. ओली फरशी चमकत होती.

मधला एक गोल तुकडा सोडून.

तो कोरडा होता.

मावशी पुसून बाहेर गेल्या तेव्हा मी खाली जाऊन त्यांना विचारलं, मधला भाग राहिला का. त्यांना ते लागलं. म्हणाल्या, "मी कोपरेसुद्धा सोडत नाही, मधलं कशाला सोडू?" मी म्हटलं, पुन्हा एकदा पुसा, माझ्यासमोर. त्यांनी पुसलं. पोछा सरळ रेषेत गेला, त्या जागेजवळ आला, हलकेच वळला, पलीकडे जाऊन पुन्हा सरळ झाला. मावशी माझ्याशी मुलाच्या नोकरीचं बोलत होत्या. हात वळला ते त्यांना कळलंही नाही.

"झालं," त्या म्हणाल्या. "बघा."

कोरडा तुकडा तसाच होता.

मी परत जिन्यावर गेले. जेवणाची सुट्टी झाली होती. वरच्या मजल्यावरची माणसं हॉलमधून बाहेर जाऊ लागली. नर्स, डॉक्टर, हिशेबवाले, चाकाच्या खुर्च्या ढकलणारे. सगळे गप्पा मारत, फोनवर बोलत...

आणि सगळे त्या जागेपाशी दोन्ही बाजूंना फुटत होते. पलीकडे गेल्यावर पुन्हा एक होत होते.

एकानेही खाली बघितलं नाही. एकालाही ठेच लागली नाही. सरावाचा रस्ता असावा तसे सगळे वळत होते.

कप्तानांना मी हे नंतर सांगितलं. त्यांना काही विशेष वाटलं नाही. म्हणाले, "नदीत खडक असला की वर पाणी वळतं. खडक दिसत नाही, वळण दिसतं. तुमच्या लोकांना खडक दिसत नव्हता, आम्हाला दिसला, इतकंच."

पण त्या वेळी जिन्यावर इंजिनीअर माझ्या पायांकडे बघत होता. त्याचा चेहरा उतरला होता. मी म्हटलं, काय झालं.

"तू आत्ता मावशींकडे गेलीस आणि परत आलीस," तो म्हणाला. "दोन्ही वेळा वळसा घातलास."

मी इतकी वर्षं त्या हॉलमध्ये लोकांना सरळ चालायला शिकवत होते.

मी चौकशी केली. सगळ्यात जुना पहारेकरी म्हणाला, इथे कधी कुणी मेलं नाही, पडलं नाही, भांडण नाही, आग नाही. केंद्राआधी काय होतं? गोदाम. त्याआधी? मोकळी जागा. कुणाला काही माहीत नव्हतं. मला आजही माहीत नाही.

आता अडचण वेगळीच होती. गुरुवारी कप्तानांची परीक्षा होती. मोठे डॉक्टर आणि बाहेरचे दोघं येणार होते. नियम साधा होता. जो अडथळ्याला धडकतो तो नापास. आणि जो नसलेला अडथळा टाळतो, तोही नापास. कारण नसलेल्या वस्तूला टाळताना माणूस रस्त्यावर गाडीखाली जाऊ शकतो. नापास झाले तर डबी परत घेणार, चकती बंद करणार. कप्तान पुन्हा काळोखात जाणार. काकू पुन्हा खुर्चीवरून उठून त्यांचा हात धरणार.

मी मोठ्या डॉक्टरांना म्हटलं, परीक्षा दुसऱ्या हॉलमध्ये घेऊ या. त्यांनी कारण विचारलं. कारण काय सांगणार? मी म्हटलं, इथे फरशी चमकते. ते म्हणाले, रस्त्यावरही चमकणार आहे.

कप्तानांना मी सांगून बघितलं, तिथे काही नाही, ठिपक्यांकडे लक्ष न देता सरळ जा. ते म्हणाले, "ताई, उभ्या माणसाच्या अंगावर मी बोट घातली नाही कधी. आता चालून जाऊ?"

काकूंनी तेवढं ऐकलं. दोन्ही हातांनी गुडघे चोळत बसल्या.

तेव्हा मी ठरवलं.

बुधवारी दुपारी, हॉल रिकामा झाल्यावर, मी कप्तानांना पट्टीच्या सुरुवातीला उभं केलं. काकू खुर्चीवर. इंजिनीअरच्या हातात टॅब दिला. कप्तानांना म्हटलं, मी तिथे जाऊन उभी राहते. मी दिसले की कळेल तुम्हाला, की तिथे माणूस मावतो. जागा रिकामी आहे. मग मी बाजूला होईन आणि तुम्ही सरळ या.

इंजिनीअर म्हणाला, नको.

मी निघाले.

आणि पलीकडे पोहोचले. वळसा घालून.

मला कळलंच नाही. मी परत फिरले, पुन्हा निघाले. पुन्हा तेच. पाय आपोआप वळत होते. तिसऱ्या वेळी मी खाली वाकले. पांढऱ्या पट्टीवर बोट ठेवलं आणि बोट घासत घासत पुढे गेले. पट्टी वळत नाही. शरीर उजवीकडे ओढलं जात होतं, मी बोट सोडलं नाही.

एका ठिकाणी ट्यूबलाइटची गुणगुण बंद झाली.

रस्त्यावरचे हॉर्न बंद झाले.

पाण्यात डोकं घातल्यावर होतं तसं.

मी उभी राहिले. कप्तानांना मी नीट दिसावी म्हणून दोन्ही हात बाजूंना पसरले. थंडी वाजली नाही. वास आला नाही. कुणी शिवलं नाही. खरं सांगायचं तर काहीच झालं नाही.

लांबून कप्तानांचा आवाज आला. खूप लांबून.

"आता दोघी झालात."

मी विचारलं, कुठे आहे ती. माझा आवाज मलाच बारीक ऐकू आला.

"तुमच्यासमोर. अगदी समोर." मग थोडं थांबून, "वळली ती. आतापर्यंत तोंड माझ्याकडे होतं. आता तुमच्याकडे आहे."

माझ्यासमोर खिडकी होती. उन्हाचा पट्टा होता. धूळ उडत होती.

मी हात पसरून उभीच होते.

"ताई..." कप्तान म्हणाले. "आता एकच आहे."

गुणगुण परत आली. हॉर्न परत आले. माझा डावा हात बधिर झाला होता. हाताखाली घेऊन झोपल्यावर होतो तसा. मी पट्टीवरून बाजूला झाले आणि म्हटलं, चला.

कप्तान निघाले. सरळ आले. त्या जागेवरून, तिच्या आरपार, एकही पाऊल न चुकवता. शेवटच्या भिंतीला हात लावून उभे राहिले. काकू रडत होत्या. इंजिनीअर टॅब छातीशी धरून माझ्याकडे बघत होता.

"रस्ता मोकळा आहे," कप्तान म्हणाले. पण त्यांचा चेहरा आनंदाचा नव्हता.

गुरुवारी ते पास झाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुपारी मावशींनी हॉल पुसला. सगळी फरशी एकसारखी ओली झाली. मी जिन्यावर उभी राहून सुट्टीतली गर्दी बघितली. माणसं त्या जागेवरून सरळ चालत जात होती.

डाव्या हाताचा बधिरपणा गेला नाही. तो खांद्यापर्यंत चढला, मग बरगड्यांपर्यंत. डॉक्टरांनी सुया टोचल्या, तारा लावल्या. सगळं ठीक आहे म्हणाले. टोचलेलं मला कळतं. फक्त दुखत नाही.

मग मला बाकीचं दिसायला लागलं.

बसमध्ये माझ्या डावीकडची जागा रिकामी राहायची. लोक उभे राहायचे, पण तिथे बसायचे नाहीत. रांगेत माझ्याशेजारी एका माणसाची जागा सुटायची. फुटपाथवर समोरून येणारे जरा जास्तच बाजूला व्हायचे. नवरा पलंगाच्या अगदी कडेला झोपायला लागला. एकदा पडलाही. मी विचारलं, इतका कडेला का झोपतोस. तो म्हणाला, जागाच कुठे आहे.

आमच्यामध्ये हातभर जागा होती.

टेलिफोनवाल्या बाई एकदा माझ्याकडे तोंड करून म्हणाल्या, "मॅडम, आज तुमच्याबरोबर कोण आलंय?" त्या दिवसापासून मी कुठल्याही पेशंटच्या समोर जात नाही. मागूनच चालते.

इंजिनीअरने नोकरी बदलली. जाताना मला भेटला नाही. पण एका दुपारी त्याचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, त्या दिवसाचं एक विचारायचं राहिलंय.

"तू आत उभी होतीस तेव्हा हात पसरले होतेस ना?"

मी म्हटलं, हो.

"शेवटपर्यंत?"

हो.

मला त्याचा श्वास ऐकू येत होता.

"टॅबवर जी बाहेर आली ना," तो म्हणाला, "तिचे हात बांधलेले होते."

तेव्हा मी घाबरायला हवं होतं. मी गॅसवर दूध ठेवलं होतं, ते उतू गेलं. मी फोन ठेवला आणि ओटा पुसला.

माझा आवाज कापत नाही असं मी सुरुवातीला म्हटलं, ते हेच. नंतर एकदा बाबांना दवाखान्यात हलवलं, तेव्हा भाऊ ढसाढसा रडत होता. मी सही केली, पाण्याची बाटली आणली, चपला नीट लावून ठेवल्या. आत काही हललं नाही. बाबा वाचले. तेव्हाही काही हललं नाही. सगळे म्हणाले, ही किती खंबीर आहे.

गेल्या महिन्यात मी कप्तानांना भेटायला नदीवर गेले. ते रोज संध्याकाळी काठाच्या रस्त्यावरून एकटे चालतात, असं ऐकलं होतं. अजून ऊन होतं. काकू कुठे दिसल्या नाहीत. गेल्या असतील साड्या बघायला, असं मनात आलं. कप्तान समोरून येत होते. हातात काठी नाही, सोबत कुणी नाही. उभ्या सायकली टाळल्या. झोपलेलं कुत्रं टाळलं. बाकावरून पुढे आलेले एका पोराचे पाय टाळले. सुंदर चालत होते. माझंच शिकवणं होतं ते.

मी हाक मारली, "कप्तान."

ते थांबले. हसले. आवाजाकडे तोंड केलं.

आणि हसू गेलं.

"ताई? कुठे आहात?"

"इथे. तुमच्या समोर."

त्यांनी मान हळूहळू फिरवली. कॅमेरा माझ्यावरून गेला. थांबला नाही. माझ्या डावीकडे गेला. तिथे थांबला.

"एकच दिसतंय," ते म्हणाले.

मी म्हटलं, बरं झालं. म्हणजे गेली ती.

नदीवरून एक बोट गेली, तिचा भोंगा वाजला. तो थांबल्यावर ते म्हणाले,

"तुमचा आवाज जिथून येतोय ना ताई... तिथे काळं आहे. तिथे मोकळा रस्ता आहे."

त्यांनी हात पुढे केला. चाचपडला. माझ्या खांद्याला लागला. खांदा धरून त्यांनी दाबला. मला कळलं, पण जाडजूड कपड्यावरून कळावं तेवढंच.

"आहात की," ते म्हणाले. "यंत्र बिघडलं असेल. जुनं झालंय आता."

ते खोटं बोलत होते. गुडघे कसे आहेत काकूंचे, असं मी विचारलं. बरे आहेत म्हणाले. निघतो म्हणाले.

आणि निघाले. माझ्या डावीकडच्या रिकाम्या जागेला त्यांनी नीट, व्यवस्थित वळसा घातला...

आणि सरळ माझ्यावर येऊन आदळले.

ते कशालाही आदळत नाहीत. परीक्षेत एकदाही आदळले नव्हते.

तेव्हापासून मी लक्ष ठेवून आहे. आता फुटपाथवर कुणी मला टाळत नाही. धडकतात. धडकल्यावर इकडेतिकडे बघतात आणि पुढे जातात. दुकानाचं आपोआप उघडणारं दार माझ्यासाठी उघडत नाही. मागून कुणी आलं की त्याच्याबरोबर मी आत जाते. केंद्रात अजून पगार होतो. मी अजून पेशंटच्या मागून चालते. माझ्यावर कुणी नाराज नाही. उलट परवा एक नर्स म्हणाली, हल्ली तुम्ही खूप प्रसन्न दिसता.

ती हे माझ्याकडे बघून म्हणाली नाही.

आमची मुलगी आठ वर्षांची आहे. झोपायच्या आधी पलंगावर चढते, दिवसभराचं सांगते. बाईंनी काय शिकवलं, कुणी चिमटा काढला, कोण कुणाची मैत्रीण झाली. मी उजवीकडे बसलेली असते. ती डावीकडे बघून बोलते. मध्येच थांबते, कुणीतरी काहीतरी विचारल्यासारखी. मग उत्तर देते. हसते.

काल तिने झोपताना मिठी मारली. हात नीट गोल केले होते. गाल कशावर तरी टेकला होता. डोळे मिटले होते.

मी हातभर अंतरावर होते.

दिवा मी मालवला.